घर बेबीताईंचे, कागद माझ्या नावावर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, कामाने दातांच्या कवळ्या बनवणारी आणि आता त्यातून निवृत्त, राहणार कोपऱ्यावरच्या दुमजली घरात, आज शनिवारी सकाळी, चहा घेऊन आणि चष्मा पुसून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहायला बसले आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. हात थरथरतो, पण तो दोन महिन्यांपासून थरथरतो आहे आणि त्याचे कारण डॉक्टरांच्या दाखल्यात दिले आहे. दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. आणलाच असेल तर तो माझ्या छातीतल्या एका झडपेने.

ती झडप येत्या मंगळवारी बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. मी आयुष्यभर मापाचे काम केले. माझे लक्ष उरलेल्या तिघांकडे जाते.

कलम १. आठ वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते मी याद्वारे रद्द करते. त्याची एक प्रत मी स्वतः फाडली. दुसरी सापडत नाही. त्यासाठी कपाट तीनदा रिकामे करून पाहिले, गाद्याही उलटल्या. ती प्रत पुढेमागे कोणाच्या हाती लागली तर तिला रद्दी समजावे. हे वाक्य मी मुद्दाम पहिल्या पानावर लिहिते आहे, कारण कागद नाहीसे होण्याची आणि नको तेव्हा उगवण्याची मला धास्ती बसली आहे. ती का, ते पुढे येईल.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझ्या चार बांगड्या मुलगी व मुलगा यांना निम्म्या-निम्म्या. यात वाद होण्यासारखे काही नाही. दोघेही त्या बाबतीत माझ्यावर गेलेले नाहीत.

कलम ३. माझी सगळी हत्यारे, म्हणजे घासायचे यंत्र, मेण तापवायची शेगडी, जबड्यांचे साचे, कोरण्या आणि दातांच्या रंगांच्या पट्ट्या, माझ्याबरोबर एकवीस वर्षे काम केलेल्या बाईंना द्याव्यात. त्यांचे स्वतःचे दुकान आता चांगले चालते, त्यांना यातल्या अर्ध्या वस्तूंची गरज नाही, हे मला माहीत आहे. तरी घ्याव्यात. घासायच्या यंत्राची कळ जरा डावीकडे दाबून धरावी लागते, हे त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

कलम ४. चौकातले दातांचे डॉक्टर सव्वीस वर्षे माझ्याकडून कवळ्या करून घेत आणि रोग्यांना सांगत की माल परदेशातून येतो. एकदा मी समोर उभी असताना एका आजोबांना म्हणाले, "ही बाई फक्त पोचवायला येते." त्या आजोबांनी माझ्याकडे माझ्याच दातांनी हसून पाहिले. डॉक्टरांच्या स्वतःच्या वरच्या जबड्याचा साचा माझ्याकडे आहे. तो त्यांना कागदात गुंडाळून परत द्यावा आणि पोचवणाऱ्याने सांगावे की माल इथलाच आहे.

कलम ५. माझ्या नणंदबाईंना दिवाणखान्यातला आरसा. हे घर घेतले तेव्हापासून त्या म्हणत आल्या की, "वहिनी, इतकं स्वस्त घर म्हणजे काहीतरी असणारच." मी दरवेळी विषय बदलला. त्यांचे बरोबर होते, हे मी त्यांना तोंडावर सांगू शकले नाही. इथे सांगते.

कलम ६. आता घर.

मालमत्तेचे वर्णन असे: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस गल्ली, पश्चिमेस आणि उत्तरेस शेजाऱ्यांच्या भिंती. खाली पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली, आठ फूट बाय सहा. वर दोन खोल्या आणि रस्त्याकडे उघडणारी रुंद खिडकी. जिना लाकडी, अरुंद आणि चढाला उभा.

एकतीस वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान, जे तेव्हा विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीत होते, आम्ही हे घर विकत घेतले. विकणारे गृहस्थ पन्नाशीचे, नीटनेटके. त्यांना सगळे दादा म्हणत. आम्ही घर पाहायला आलो तेव्हा यजमानांनी विचारले, "आधी कोण कोण राहायचं इथे?"

"आईवडील आणि मी," दादा म्हणाले. "साधं घर आहे. सांगण्यासारखं काही नाही."

कोठीच्या खोलीशी आल्यावर ते पुढे झाले नाहीत. मी आत डोकावले. खिडकी इतकी उंच की तिच्यातून फक्त आभाळ दिसावे. दाराला कडी होती, जाड लोखंडी, पण बाहेरच्या बाजूने. आतल्या बाजूला धरायला साधी मूठही नव्हती. मी म्हटले, "अशी कशी कडी?"

"उंदरांसाठी," दादा म्हणाले.

उंदीर दार ढकलून बाहेर येत नाहीत, हे मला त्या वयातही कळत होते. पण मुलगी दहा वर्षांची होती, मुलगा सात वर्षांचा, भाड्याच्या खोलीत आमचा श्वास कोंडला होता आणि हे घर आमच्या आवाक्यात होते. मी पुढे विचारले नाही. यजमानांनीही विचारले नाही. आम्ही खोलीला चुना लावला आणि तिथे डबे ठेवले.

पुढच्या खोलीत माझे काम सुरू झाले. शेजाऱ्यांना मी अधूनमधून विचारून पाही की आधीची माणसे कशी होती. शेजारच्या आजी म्हणत, "बरी होती हो," आणि लगेच घरात काहीतरी उतू जात असल्याचे त्यांच्या लक्षात येई.

कलम ७. हे कलम मालमत्तेविषयी नसून माहितीविषयी आहे. वकिलांनी कच्चा मसुदा पाहून ते गाळायला सांगितले. मी गाळत नाही.

सहा वर्षांपूर्वी, यजमान जाऊन वर्ष झाले होते तेव्हा, एक वयस्कर गृहस्थ कवळीचे माप द्यायला आले. निवृत्त पोस्टमन. मी त्यांना टपालवाले काका म्हणू लागले. खुर्चीवर बसण्याआधी ते उंबऱ्यातच थांबले आणि त्यांनी जिन्याकडे पाहिले.

"वरची रुंद खिडकी आहे का अजून?" त्यांनी विचारले.

"आहे. तुम्ही कधी आला होतात?"

"नऊ वर्षं भाडेकरू होतो वर. दादांच्या वडिलांचा."

मी त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरलेला साचा बसवला. तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही. ती चार मिनिटे मला फार लांब वाटली. त्यांचे डोळे कोठीच्या खोलीकडे लागले होते आणि ते पाण्याने भरत होते. मला वाटले, लगदा घशात गेला. साचा काढल्याबरोबर ते म्हणाले, "बेबीची खोली."

"कोण बेबी?"

"दादांची धाकटी बहीण. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

मग त्यांनी सांगितले. बेबीला लहानपणापासून फिट येत. दादांचे लग्न जुळवायचे होते आणि पाहुण्यांसमोर तिला फिट आली तर कोणी मुलगी देणार नाही, अशी आईला आणि दादांना भीती. म्हणून पाहुणे आले की तिला कोठीत बसवून बाहेरून कडी लावत. पुढे दादांचे लग्न झाले, तरी कडी सुटली नाही. सुनेला कळू नये म्हणून, मग सुनेच्या माहेरच्यांना कळू नये म्हणून, मग सवयीने.

"आणि वडील?" मी विचारले.

"भला माणूस. पण घरात त्यांचं कोणी ऐकत नसे. शेवटच्या आजारात मात्र मला वर येऊन म्हणाले, साक्षीदार हवाय. घर बेबीच्या नावावर करतोय, म्हणजे तिला कोणी हलवू शकणार नाही. मी सही केली. दुसरी सही शेजारच्या आजोबांची. ते आजोबाही महिन्याभरात गेले."

"मग काय झालं त्या कागदाचं?"

काकांनी रुमालाने ओठ पुसले. "वडील गेल्यावर दादा वर आले. म्हणाले, काका, असा काही कागद तुम्हाला आठवतो का? मी त्यांच्याकडे पाहिलं. माझी दोन लहान मुलं आत जेवत होती. मी म्हटलं, नाही आठवत." त्यांनी रुमालाची घडी घातली. "मी इतरांची पत्रं कधी हरवली नाहीत, बाई. एकसुद्धा नाही."

वर्षभराने त्यांनी खोली सोडली. बेबी त्यानंतरही तेरा वर्षे या घरात होती. आई वारल्यावर दादांनी तिला शेजारच्या गावातल्या स्त्रियांच्या निवाऱ्यात नेऊन ठेवले आणि दोन महिन्यांनी घर आम्हाला विकले. टपालवाले काका दर वर्षी तिला एक कार्ड पाठवत. पत्ता त्यांनी माझ्या मापाच्या वहीत लिहून दिला.

मी वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "खरेदी कायदेशीर आहे. तो कागद कुठेच नाही. तुम्ही कायद्यानं निश्चिंत राहा." मी कायद्याने निश्चिंत आहे.

पण मी त्या पत्त्यावर चार वर्षे गेले नाही. कारण लिहिते, म्हणजे नंतर कोणी माझी बाजू सावरू नये: मला भीती वाटली की ती बाई म्हणेल, माझे घर परत दे. टपालवाले काका पुढे कवळी घासून घ्यायला दोनदा आले. दोन्ही वेळी विचारले, "गेलात का?" मी म्हटले, "पुढच्या महिन्यात." दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या मुलाने कळवले तेव्हा मी आधी पत्त्याची वही शोधली, ती सापडेना म्हणून सगळे खण उपसले, आणि सापडल्यावर त्याच आठवड्यात बस पकडली.

कलम ८. बेबीताईंविषयी. त्यांचे वय आता शहात्तर. मी गेले तेव्हा त्या निवाऱ्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालत होत्या. बारीक, केस कापलेले, हाताने चपळ. गोळ्या सुरू झाल्यापासून वीस वर्षांत फिट आलेली नाही. म्हणजे ती गोळी आधी मिळाली असती तर, असे माझ्या मनात आले.

मी कोण ते सांगितले. त्यांनी घडी पूर्ण केली आणि म्हणाल्या, "घर उभं आहे अजून?"

"आहे."

"जिन्याखाली बाबांची सायकल असायची. स्वयंपाकघरात पूर्वी फरशी नव्हती, माती होती, मीच थापायचे. पुढच्या खोलीत बाबा शिकवण्या घ्यायचे, मी आतून ऐकायचे. सगळा भूगोल पाठ होता मला." त्यांनी मला घराची खोली न् खोली सांगितली. मी एकोणतीस वर्षे राहूनही मला ठाऊक नसलेले घर. मधल्या खोलीच्या भिंतीत एक कोनाडा बुजवलेला आहे आणि त्यात त्यांच्या आईने सुया ठेवलेला डबा तसाच राहिला असावा, हेही त्यांनीच सांगितले. मी नंतर भिंत ठोकून पाहिली. पोकळ वाजते.

शेवटी मी धीर करून म्हटले, "तुमच्या वडिलांनी कागद केला होता. घर तुमचं होतं."

"माहितीये. मला वाचून दाखवला होता त्यांनी. मी म्हटलं, बाबा, घर नको, तेवढी कडी काढा. म्हणाले, उद्या काढतो." त्यांनी पुढची चादर ओढली. "दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना. मग राहिलंच."

गेल्या हिवाळ्यात मी त्यांना घर दाखवायला आणले. यायच्या आदल्या दिवशी सुताराला बोलावून ती कडी उपटून टाकली होती. माझी कल्पना होती की त्या कोठीसमोर थांबतील, रडतील. मी पाण्याचा पेला भरून तयार ठेवला होता. त्यांनी त्या दाराकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "वर जाऊ या का? वर मला कधी जाऊ देत नसत."

जिना चढायला त्यांना बराच वेळ लागला. वर त्या रुंद खिडकीपाशी बसल्या आणि तासभर रस्ता पाहत राहिल्या. भाजीची गाडी गेली, शाळेतली मुले गेली, समोरच्या दुकानदाराने दोनदा फळी झाडली. मी मागे उभी होते. त्या एवढेच म्हणाल्या, "इथून सगळं दिसतं की."

मी विचारले, "राहायला याल?"

"तिथे माझी मैत्रीण आहे. तिला दिसत नाही. मी तिला सांगते, कोण आलं, कोण गेलं. तिला सोडून कशी येऊ?"

कलम ९. म्हणून मी असे ठरवून लिहिते की, या घराच्या वरच्या दोन्ही खोल्या आणि खालचे स्वयंपाकघर वापरण्याचा हक्क बेबीताईंना आणि त्यांच्या मैत्रिणीला त्यांच्या हयातीपर्यंत राहील. दोघींपैकी एक गेली तरी दुसरीचा हक्क तसाच राहील. हे वाक्य मी चार वेळा लिहिले आहे. पहिल्या तीन वेळी त्यातून पळवाट निघत होती. त्या आल्या नाहीत तरी खोल्या त्यांच्यासाठी रिकाम्या आणि झाडलेल्या ठेवाव्यात. त्यांचे मन बदलू शकते.

घराची मालकी माझ्यानंतर मुलगी व मुलगा यांच्याकडे समान जाईल, या अटीवर की घर पाडले जाणार नाही आणि बांधकाम व्यावसायिकाला दिले जाणार नाही.

ही अट माझ्या मुलासाठी आहे. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे, शहाणा आहे, व्यसन नाही. पण पाच वर्षे त्याने एकच धोशा लावला आहे: घर देऊन टाक, तिथे इमारत होईल, तुला नवा फ्लॅट मिळेल. मी त्याला विचारले, तुला कसली हाव सुटली आहे. तो उठून गेला. मुलगी लांबच्या गावी शिक्षिका आहे, दोन वर्षांतून एकदा येते आणि तीही भावाकडे उतरते. आईच्या घरी एक रात्र राहिली तर काय झिजेल, हे मला कळलेले नाही. हा माझा राग आहे आणि मी तो इथे नोंदवते.

कलम १०. हे कलम लिहायचे नव्हते, पण बाकीचे लिहून हे टाळले तर टपालवाल्या काकांत आणि माझ्यात फरक राहत नाही.

त्या कडीचा मीही उपयोग केला आहे. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना फार दंगेखोर होता. प्लास्टर सांडी, मेणाला हात लावी. एकदा त्याने एका बाईंची तयार कवळी खाली पाडून तिचे दोन तुकडे केले. त्या बाईंच्या घरी दुसऱ्या दिवशी लग्न होते. मी त्याला कोठीत घातले आणि कडी लावली. असे दोन-तीनदा झाले असेल. दहा-दहा मिनिटे. बेबीताईंचे मला तेव्हा ठाऊक नव्हते. बाहेरून लावायची कडी पाहिल्यावर ती कशासाठी आहे, हे मात्र माझ्या हाताला बरोबर कळले होते.

कलम ११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. याच्या तीन प्रती आहेत: एक नोंदणी कार्यालयात जाईल, एक मुलीकडे, एक बेबीताईंकडे. चौथी कोणाकडे दिसली तर ती खोटी.

साक्षीदार मी निवडून घेतले आहेत. दोघे माझ्याहून वयाने लहान, वेगवेगळ्या घरांत राहणारे, आणि दोघांपैकी कोणीही या घराचे भाडेकरू नाही. दोघांना मजकूर वाचून दाखवला आणि विचारले, उद्या कोणी दरडावले तर बोलाल का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलेन." बँकेतून निवृत्त झालेले शेजारी, ज्यांची कवळी मीच केली आहे, ते म्हणाले, "दात तुमचे असले तरी जीभ माझी आहे, बाई."

पुरवणी. त्याच दिवशी, दुपारी दोन वाजता, सही करण्यापूर्वी लिहिलेली.

लपवलेला कागद काय करतो ते मी पाहिले असल्यामुळे मुलाला बोलावून हे सगळे वाचायला दिले. त्याने स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून वाचले. मी ओट्याजवळ उभी राहून नाडी मोजत होते. नवव्या कलमाशी तो थांबला नाही. दहाव्याशी थांबला.

"दोन-तीनदा नाही, आई," तो म्हणाला.

"मग?"

"दोन वर्षं. तुझं काम अंगावर आलं की. मी काही केलं नसलं तरी. आणि दहा मिनिटं नाही. तुझं मशीन सुरू झालं की तू विसरायचीस."

मी म्हटले, "मी विसरले नसते."

"ताईला विचार." त्याने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. मुलगी शाळेतून नुकतीच घरी आली होती. त्याने तिला दहावे कलम वाचून दाखवले.

मग ती म्हणाली, "मी दाराला टेकून बसायचे, आई. खालच्या फटीतून याला वाचून दाखवायचे. हा अंधाराला घाबरायचा."

"पाढे म्हणायचीस तू," मुलगा म्हणाला.

"पाढे कुठले रे. जुनी वर्तमानपत्रं. कोठीतल्या फळ्यांवर घालायची ती. हवामान वाचायचे, हरवले-सापडले वाचायचे."

"कडीपर्यंत तुझा हात पोचायचा नाही?" मी विचारले.

"पोचायचा," मुलगी म्हणाली. "तू सांगितलं होतंस, काढलीस तर तूही आत. एकदा काढली मी. मग मीही आत. आतून मूठ नाही त्या दाराला. तुला माहितीये ना?"

मला माहीत होते. ते मी वर सहाव्या कलमात लिहिले आहे. पण मुलीला आत घातल्याचे मला आठवत नाही. खरोखर आठवत नाही. दादांनी टपालवाल्या काकांना विचारले होते की कागद आठवतो का, आणि काका नाही म्हणाले, ते खोटे होते. माझे खोटे नाही आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटते.

मी दोघांना विचारले, "इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

मुलगा म्हणाला, "तू विचारलं नाहीस. या घरात आधी कोण राहायचं, ते तू शेजाऱ्यांना विचारलंस, टपालवाल्यांना विचारलंस, बस करून दुसऱ्या गावाला गेलीस. आम्ही पण राहायचो इथे."

फोनवरून मुलगी म्हणाली, "जाऊ दे रे, तिची तब्येत," आणि तो म्हणाला, "नाही, लिहितेच आहे तर हेही लिहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला घर विकायचं नव्हतं. पैसे नकोच होते मला. मला ते पडलेलं बघायचं होतं."

त्यावर साक्षीदारांना बोलावून मी नवव्या कलमातली न पाडण्याची अट खोडली आहे. खाडाखोडीशेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरे आहेत. बेबीताई आणि त्यांची मैत्रीण यांच्या हयातीनंतर मुलांनी घराचे वाटेल ते करावे. कोठीची भिंत मात्र आधीही पाडता येईल. कधी, ते त्यांनी ठरवावे. मी विचारणार नाही. बाकी सर्व कलमे तशीच राहतील. फक्त नवव्यातला मुलाच्या हावेचा आणि मुलीच्या मुक्कामाचा उल्लेख मी मागे घेते. वाचणाऱ्याने तो वाचला नाही असे समजावे, किंवा वाचून माझे माप घ्यावे.

मी मुलाला विचारले, "मला माफ केलं असं लिहू का?"

"नको लिहूस," तो म्हणाला.

लिहिलेले नाही.

तो उठून जिन्यापाशी गेला. खालून वर पाहत म्हणाला, "शहात्तर वर्षांची बाई, आणि बरोबर एक न दिसणारी. या जिन्यानं पडतील दोघी."

मी म्हटले, "लिफ्ट बसत असेल तर बघ. पण बेबीताई बंद डब्यात पाऊल ठेवणार नाहीत."

"डबा कशाला? जिन्याच्या कडेनं सरकणारी खुर्ची असते. दार नाही, काही नाही. बटण बसणाऱ्याच्या हातात." त्याने पिशवीतून मोजपट्टी काढली. फोन अजून चालू होता. मुलगी आकडे लिहून घेऊ लागली आणि तो पायरी न् पायरी मोजून सांगू लागला. एका पायरीवरून दोघांचे वाजले, कारण त्याने उंची सांगितली आणि तिने रुंदीच्या रकान्यात लिहिली.

मी इथे सही करणार होते, तेव्हा त्याने वरून विचारले, "मंगळवारी तुझ्याजवळ कोण थांबणार आहे?"

साचे, आरसा, बांगड्या, सगळ्याची व्यवस्था मी लावली होती. हे राहिले होते. मी म्हटले, "नर्स असतील तिथे."

तो दोन पायऱ्या खाली आला. "मी रजा टाकतो. शुद्धीवर आलीस की पहिल्यांदा मी दिसेन. लिही तसं."

मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत, हे मला माहीत आहे. वकीलही तेच म्हणतील. तरी याद्वारे नोंदवते की मंगळवारी माझ्याजवळ माझा मुलगा थांबणार आहे. हे त्याने सांगितले म्हणून लिहिले आणि लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवले.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघराचे टेबल
दिनांक: १७, शनिवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे

सही: (लिहून ठेवणारी, स्वहस्ते)

साक्षीदार पहिल्या: घरच्या डॉक्टरीणबाई. बाई शुद्धीत आहेत. नाडी जलद आहे, पण नियमित. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: शेजारी, निवृत्त बँक कर्मचारी. संपूर्ण मजकूर पुरवणीसह ऐकला. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, ती माझ्यासमोर झाली. सही करताना लिहून ठेवणाऱ्या बाईंचा मुलगा जिन्यावर होता आणि मुलगी फोनवर होती. दोघांनी ऐकले.